आंबवलेल्या कोबीचा रस
आंबवलेल्या कोबीचा रस : मीठ लावून आंबविलेल्या कोबीला सुटणारा आंबटखारट द्रव. अशा कोबीला जर्मन भाषेतून आलेले ‘सॉवरक्राउट’ हे नाव रूढ आहे. मध्य व पूर्व यूरोपात हिवाळ्यात ताजी भाजी दुर्मिळ असल्याने शरद ऋतूत कोबीची पिंपे भरून ठेवण्याची प्रथा पडली.

बारीक चिरलेल्या कोबीला वजनाच्या सु. २ ते २·५% मीठ चोळून तो दाबून भरतात. मिठामुळे पेशींतील पाणी बाहेर येते व कोबी त्यात बुडतो. पानांवरील सूक्ष्मजंतू शर्करेपासून लॅक्टिक अम्ल व कार्बन डाय-ऑक्साइड तयार करतात. अम्लामुळे नासविणाऱ्या जंतूंना आळा बसतो. क जीवनसत्त्व पाण्यात विरघळणारे असल्याने त्याचा बराच अंश रसात उतरतो व अम्ल आणि हवेचा अभाव यांमुळे टिकून राहतो. रस टाकून दिल्यास तो अंशही वाया जातो.

लांबच्या सागरी सफरींत या गुणाला विशेष महत्त्व आले. डच खलाशांना स्कर्व्ही कमी होतो व त्याचे कारण जहाजावरील आंबवलेला कोबी होय, असे जेम्स लिंड यांनी आपल्या १७५३ च्या ग्रंथात नमूद केले. १७६८ मध्ये निघालेल्या ‘एंडेव्हर’ जहाजावर ७,८६० पौंड (सु. ३,५६५ किग्रॅ.) कोबी होता. खलाशी तो खाईनात, तेव्हा कॅप्टन जेम्स कुक यांनी तो अधिकाऱ्यांच्या मेजावर रोज वाढविला व खलाशांवर सक्ती केली नाही. आठवड्याभरातच त्याला एवढी मागणी आली, की वाटप ठरवून द्यावे लागले. कुक ठिकठिकाणी ताजा पालाही मिळवीत. त्यामुळे सर्व श्रेय कोबीला देता येत नाही. गुण अनुभवास आला, तरी कारण अज्ञात राहिले. खुद्द कुक यांनी १७७६ मध्ये माल्टच्या काढ्याची विशेष प्रशंसा केली. क जीवनसत्त्वाची ओळख १९३२ मध्ये पटली.

रस स्वच्छ बरणीत काठोकाठ भरून थंड जागी ठेवतात. हवा लागल्यास पृष्ठभागी यीस्टचा पांढरा पापुद्रा येतो व जीवनसत्त्वाचा ऑक्सिडीभवनाने नाश होतो. रूमानियात सारास आंबटपणा आणण्यासाठी, तर रशियात पेय म्हणूनही तो वापरतात. उकळल्याने उपयुक्त जंतू मरतात व जीवनसत्त्व घटते. म्हणून सार चुलीवरून उतरविल्यावर रस घालणे श्रेयस्कर. त्यात मीठ भरपूर असल्याने रक्तदाबाच्या रुग्णांनी तो बेतानेच घ्यावा.