मलाक्क्यापासून फुलसावंगीपर्यंत : साबुदाण्याचा प्रवास

महागाव तालुक्यातील फुलसावंगी हा कापूस-तुरीचा मुलूख. परंतु तेथे एकादशीला शिजणारी साबुदाण्याची उसळ, जिला पश्चिम महाराष्ट्रात खिचडी म्हणतात, तिचा इतिहास आग्नेय आशियातील बंदरांपर्यंत जातो. मलय द्वीपसमूहाच्या दलदलीत सागो नावाचे ताडवर्गीय झाड वाढते. ते आयुष्यात एकदाच फुलते आणि फुलोऱ्यासाठी खोडाच्या गाभ्यात पिष्ट, म्हणजे स्टार्च, साठवून ठेवते. म्हणून फुलण्याच्या बेतात आलेले झाड तोडून त्याचा गाभा किसतात, पाण्यात धुऊन गाळतात आणि तळाशी बसलेला पांढरा साका वाळवतात. तेराव्या शतकाच्या अखेरीस सुमात्रात पोहोचलेल्या मार्को पोलोने झाडापासून मिळणाऱ्या या पिठाची नोंद आवर्जून केली आहे.

ओलसर पिष्टाचे बारीक गोल दाणे वळून ते कढईत भाजण्याचा उद्योग एकोणिसाव्या शतकात मलाक्का व सिंगापूर येथील चिनी कारखानदारांनी वाढवला आणि तेथून हा माल जहाजांनी भारतात व युरोपात जाऊ लागला. त्या शहरांत नारळाचे दूध व ताडाचा गूळ घालून केलेला सागोचा गोड पदार्थ आजही आवडीने खाल्ला जातो. उपवासाशी त्याचा काहीही संबंध नाही. पुढे मूळच्या दक्षिण अमेरिकेतील कसावा या कंदाची लागवड मलायात पसरली आणि ताडाऐवजी त्याच्या पिष्टाचेही दाणे होऊ लागले.

फेब्रुवारी 1942 मध्ये जपानने सिंगापूर घेतले, आयात तुटली, आणि त्या टंचाईतूनच 1943 च्या सुमारास तमिळनाडूतील सेलम येथे कसाव्यापासून साबुदाणा करण्याचा धंदा उभा राहिला. तेथील उत्पादकांची सागोसर्व्ह ही सहकारी संस्था 1981 मध्ये स्थापन झाली.

उपवासात धान्य वर्ज्य, परंतु कंद चालतो, या नियमाने परक्या पदार्थांना सहज वाट दिली, आणि परंपरेचा हा उदारपणा खरोखर मोलाचा आहे. उसळीतील शेंगदाणा, बटाटा व मिरची हीदेखील अमेरिका खंडातून आलेली पिके होत. जुन्या समजल्या जाणाऱ्या राजगिऱ्याच्या आज पिकणाऱ्या मुख्य जातींचे मूळही तेथलेच. ताटातील भगर मात्र याच भूमीत फार पूर्वीपासून पिकत आलेली आहे.