हर्नहूटची बंधुमंडळी

धर्मसंस्था उभी राहते ती बहुधा एखाद्या तेजस्वी पुरुषाच्या प्रेरणेनें. परंतु तिचें आरोग्य टिकविण्यास केवळ वक्तृत्व पुरत नाहीं. हातीं असलेली सत्ता कोठें वापरावी व कोठें सोडून द्यावी, हें ज्याला कळतें त्याच्याच हातून मंडळीला निकोप वळण लागतें. अठराव्या शतकांत जर्मनींतील सॅक्सनी प्रांतांत, हर्नहूट नांवाच्या लहानशा खेड्यांत, या गोष्टीची मोठी कसोटी लागली.

मोराव्हियांत जुन्या बंधुमंडळीच्या अनुयायांचा छळ होत असे. त्यांपैकीं कांहीं कुटुंबें १७२२ सालीं सीमा ओलांडून आलीं व काउंट झिंझेनडॉर्फ या तरुण सरदारानें त्यांना आपल्या बेर्टेल्सडॉर्फच्या जहागिरींत आश्रय दिला. १७ जून रोजीं ख्रिश्चन डेव्हिड या सुतारानें पहिल्या झाडावर कुऱ्हाड घातली आणि वसाहतीस आरंभ झाला. पांच वर्षांत तेथें सुमारें ३०० माणसें जमलीं.

परंतु माणसें जमलीं म्हणजे मंडळी झाली असें नव्हे. कोणी लूथरचे अनुयायी, कोणी कॅल्व्हिनच्या मताचे, तर कोणाला वाडवडिलांची जुनी शिस्तच हवी होती. त्यांत क्रूगर नांवाचा एक उपदेशक आला. बायबलांतील शेवटच्या ग्रंथांत वर्णिलेलें श्वापद तें हेंच, असें तो खुद्द आश्रयदात्या काउंटविषयीं सांगू लागला. पुढें त्याची बुद्धि भ्रमली व तो निघून गेला; परंतु त्यानें पेरलेलें विष मागें राहिलें. खुद्द ख्रिश्चन डेव्हिडहि त्याच्या नादीं लागून गांवाबाहेर वेगळी झोपडी बांधून राहिला होता.

झिंझेनडॉर्फ जमिनीचा धनी होता. विरोधकांना हांकून देणें त्याच्या एका शब्दाचें काम होतें. तसें न करतां १७२७ च्या वसंतांत तो ड्रेस्डेनच्या दरबारांतील काम बाजूला ठेवून हर्नहूटमध्यें राहावयास आला. घरोघर जाऊन त्यानें प्रत्येकाचें म्हणणें ऐकून घेतलें. त्या वेळीं त्याचें वय अवघें २६ वर्षांचें होतें.

१२ मे १७२७ रोजीं सर्वांसमोर नियम वाचले गेले व रहिवाशांनीं ते मान्य केले. त्यांत भांडणतंट्यास आळा होता, इतर पंथांच्या ख्रिस्ती जनांशीं प्रेमानें वागण्याचें बंधन होतें. आणि हर्नहूटचे रहिवासी वेठ व दास्य यांपासून कायमचे मुक्त राहतील, असें जहागीरदाराचें अभिवचनहि होतें. प्रजेकडून शिस्त मागणाऱ्या धन्यानें आपलाहि हक्क सोडला, हें येथें लक्षांत घेण्यासारखें आहे. त्याच वेळीं बारा वडील निवडण्यांत आले. कालपर्यंत गांवाबाहेर राहिलेला ख्रिश्चन डेव्हिड त्यांतलाच एक होता.

जुलैपासून दोघातिघांचे लहान लहान गट भेटूं लागले. तेथें आपले दोष उघड बोलावेत, पाठीमागें कुजबुजूं नये, अशी रीत पडली. १३ ऑगस्टला बेर्टेल्सडॉर्फच्या देवळांत झालेल्या प्रभुभोजनाच्या वेळीं दुरावलेलीं मनें जुळलीं. त्याच महिन्याच्या अखेरीस २४ पुरुष व २४ स्त्रिया यांनीं दिवसरात्रीचे तास वांटून घेऊन अखंड प्रार्थनेचा क्रम सुरू केला. तो शंभरांहून अधिक वर्षें चालला. १७३० सालीं चिठ्ठी काढून स्त्रियांची प्रमुख वडील नेमली गेली, ती ॲना निट्शमान ही अवघ्या चौदा वर्षांची मुलगी. दोन वर्षांनीं एक कुंभार व एक सुतार वेस्ट इंडीजमधील गुलामांना सुवार्ता सांगण्यास निघाले.

परंतु निकोप वळण एकदां लागलें म्हणजे तें आपोआप टिकत नाहीं. ख्रिस्ताच्या जखमांचें भावनाविवश चिंतन व बालसुलभ वृत्ति यांचा पुरस्कार झिंझेनडॉर्फनेंच केला होता. १७४० नंतरच्या दशकांत हर्नहाग येथील वसाहतींत त्याचा अतिरेक झाला, आणि तेथें पुढारी होता त्याचाच मुलगा ख्रिश्चन रेनाटुस. बापाला ही विकृति ओळखावयास उशीर लागला. अखेर १७४९ मध्यें त्यानें मंडळ्यांना कडक पत्र पाठविलें व मुलाला पदावरून दूर करून लंडनला बोलावून घेतलें. चुकीचें मूळ स्वतःच्या घरांत असतां तिला चूक म्हणणें हें १७२७ च्या कामाहून कमी कठीण नव्हतें.

तत्पूर्वी १७४१ मध्यें एक निर्णय झाला होता. प्रमुख वडील लेओनहार्ड डोबर यानें पद सोडल्यावर लंडनच्या परिषदेनें त्या जागीं कोणाहि माणसास न नेमण्याचें ठरविलें. मंडळीचा प्रमुख वडील ख्रिस्त स्वतःच, असें मानलें गेलें. तरीहि व्यवहारांत काउंटच्या शब्दाचें वजन मोठेंच राहिलें. १७६० मध्यें तो वारला तेव्हां मंडळीवर कर्जाचा बोजा होता. परंतु ती मोडली नाहीं. स्पांगेनबर्गसारख्या शांत वृत्तीच्या माणसांनीं प्रतिनिधींच्या सभांमार्फत कारभार चालविला. लडाखांतील लेह येथें याच परंपरेची मंडळी आजहि आहे.

संस्थापकामागें मंडळी टिकली, याचें श्रेय त्या बारा वडिलांच्या निवडीला व त्या लहान गटांतील मोकळ्या बोलण्याला द्यावें लागेल. पुढाऱ्याच्या पश्चात् जें टिकतें, त्यावरूनच त्याच्या कार्याचें मोल ठरतें.