द्राक्षवेलीची सावली आणि वाइनचा सुगंध

नागपूरहून हैदराबादेकडे जाणाऱ्या हमरस्त्याने आदिलाबाद मागे टाकले की गुडीहत्नूर लागते. हा मुलूख काळ्या जमिनीचा आणि कपाशीचा. पऱ्हाटी माजली की पाला उदंड होतो आणि बोंडे मात्र बेताची धरतात, हे येथील शेतकऱ्यास कोणी शिकवावे लागत नाही. द्राक्षवेलीची कथाही याच अनुभवाची आहे. मात्र तेथे माजलेल्या पाल्याचा दोष फळाच्या वजनापुरता न राहता वाइनच्या गंधापर्यंत पोहोचतो.

१९५६ पर्यंत आदिलाबाद आणि दौलताबाद हे दोन्ही प्रदेश एकाच हैदराबाद राज्यात होते. दख्खनमधील द्राक्षांच्या जुन्या उल्लेखांत दौलताबादचे स्थान मानाचे आहे. मुहंमद तुघलकाने १३२७ मध्ये आपली राजधानी तेथे हलविली. पुढे चौदाव्या शतकाच्या मध्यास इब्न बतूता हा प्रवासी तेथे आला. येथे द्राक्षे व डाळिंबे वर्षातून दोनदा येतात, अशी नोंद त्याने करून ठेवली आहे. त्याच्या या नोंदीत दख्खनच्या द्राक्षशेतीचे मर्म दडलेले आहे.

युरोपात कडाक्याच्या हिवाळ्यात वेल पाने गाळून निजते व वसंतात जागी होते. दख्खनच्या उबदार हवेत तिला ही झोप मिळत नाही; ती वर्षभर वाढतच राहते. म्हणून माळ्याने कात्रीने तिचे ऋतू ठरवावयाचे. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी करून नव्या काड्या तयार करावयाच्या आणि ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी करून त्या काड्यांवर घड घ्यावयाचे. छाटण्या दोन, पण पीक एकच, अशी ही रीत बसली. खरड छाटणीनंतर दीड-दोन महिन्यांत काडीवरील डोळ्यांत पुढील घडांची बीजे घडतात. त्या वेळी पाल्याची गर्दी होऊन काडी अंधारात राहिली, तर हिवाळ्यात त्या डोळ्यांतून वांझ फूटच निघते.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हैदराबादेत ‘अनाब-ए-शाही’ ही जात आली. ही वेल जोमदार असल्याने तिच्यासाठी तारांचा आडवा मांडव पसरला गेला. त्यावर पाने छपरासारखी पसरत आणि खाली सावलीत भरघोस घड लोंबत. खाण्याच्या द्राक्षांना हा मांडव मानवला. बागाईतदाराला वजनाचा भाव मिळत होता व सावलीत मण्यांची कातडी करपत नव्हती.

वाइनचा हिशेब निराळा निघाला. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातील जिनिव्हा येथे नेल्सन शॉलिस यांनी १९६० च्या दशकात पाल्याच्या दाटीचे परिणाम मोजून दाखविले. त्यांच्याच परंपरेतील ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञ रिचर्ड स्मार्ट यांनी १९९१ मध्ये माइक रॉबिन्सन यांच्यासह या विषयावर प्रसिद्ध ग्रंथ लिहिला. एका पानातून पलीकडे जाणारा प्रकाश दहा टक्क्यांहूनही कमी असतो. म्हणून पानांचे थर सरासरी एक ते दीडच असावेत, असा त्यांचा दंडक आहे. दाट सावलीतील घडात साखर व रंग कमी भरतात आणि भुरीसारख्या रोगांस आश्रय मिळतो. ‘कॅबर्ने सॉविन्यों’सारख्या जातीत मेथॉक्सिपायराझिन नावाची द्रव्ये शिल्लक राहून वाइनला हिरव्या ढोबळ्या मिरचीचा दर्प येतो. उलट मोजक्या उजेडात मस्कत द्राक्षांतील फुलांसारखा गंध वाढीस लागतो.

महाराष्ट्रात १९८० च्या दशकात शामराव चौगुले यांनी नारायणगावास फ्रेंच तज्ज्ञांच्या साहाय्याने फसफसणारी वाइन तयार केली. राजीव सामंत यांनी १९९७ मध्ये नाशिकजवळ ‘सॉविन्यों ब्लां’ व ‘शेनिन ब्लां’ या जातींची लागवड केली. याच वर्षी पुण्याजवळ मांजरी येथे राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र उभे राहिले आणि २००१ मध्ये राज्याने वाइन उद्योगासाठी सवलतींचे धोरण आखले. मांडवाऐवजी उभ्या तारांवर फुटवे सरळ वर नेण्याची पद्धत या मळ्यांत आली. फुटव्यांची विरळणी करणे, बगलफुटी काढणे, शेंडा मारणे, घडाजवळची पाने खुडणे ही कामे वाइनच्या चवीशी जोडली गेली.

परंतु थंड देशांतील नियम येथे जसाच्या तसा चालत नाही. तेथे सूर्य दुर्मीळ आहे. येथे तो उदार असून कधी कधी क्रूरही होतो. दुपारच्या उन्हात उघडे पडलेले मणी करपतात, आंबटपणा झपाट्याने उतरतो आणि नाजूक सुगंध उडून जातो. म्हणून सकाळचे कोवळे ऊन येते त्या पूर्वेच्या बाजूची पाने खुडावी व पश्चिमेची राखावी, हा येथे शहाणपणाचा मार्ग ठरतो.

या मोजमापाची खरी कसोटी बाजारात लागते. २००८-०९ च्या मंदीत वाइनचे कारखाने अडचणीत आले, घेतलेल्या द्राक्षांचे पैसे थकले आणि नाशिककडील काही शेतकऱ्यांनी वाइनच्या वेली उपटून पुन्हा खाण्याची द्राक्षे लावली. खुडलेल्या पानामागे मजुरी असते व कमी ठेवलेल्या घडामागे बुडालेले वजन असते. वजनावरच भाव ठरला, तर शेतकरी पाला आणि घड दोन्ही वाढू देणार, यात नवल नाही. दौलताबादच्या वेलीला दोन बहार येतात, हे सहाशेहून अधिक वर्षांपूर्वीच्या प्रवाशाने पाहिले होते. त्यांतील एक बहार सोडून देण्याचे धैर्य दख्खनच्या माळ्याने पुढे दाखविले. आता गंधासाठी आणखी काही सोडावयाचे, तर त्या त्यागाचे मोल चुकते करण्याची जबाबदारी वाइन विकणाऱ्यावर आणि ती पिणाऱ्यावरही येते.