तळटीप : मीटर
१. मीटर : फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळातले माप. गावोगावच्या निरनिराळ्या मापांमुळे होणारी फसवणूक थांबावी, म्हणून उत्तर ध्रुव ते विषुववृत्त या अंतराचा एक कोटीवा भाग म्हणजे मीटर, असे १७९१ साली ठरले. दलाम्ब्र आणि मेशँ या खगोलशास्त्रज्ञांनी डंकर्क ते बार्सिलोना हा पट्टा त्रिकोणांची साखळी मांडून मोजला. राज्यक्रांतीच्या धामधुमीत त्याला सुमारे सात वर्षे लागली. तरीही मीटर जेमतेम ०.२ मिलिमीटरने आखूड ठरला. मीटर, लिटर, ग्रॅम ही नावे ७ एप्रिल १७९५ च्या कायद्यातली. पटींसाठी डेका, हेक्टो, किलो हे ग्रीक उपसर्ग, तर अंशांसाठी डेसी, सेंटी, मिली हे लॅटिन उपसर्ग योजले गेले. – संपादक