मुलांना घेऊन इतिहास पाहताना



शाळेची सहल म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे काय उभे राहते? पहाटेची गाडी, दोन वर्गांची मिळून शंभर मुले, आणि एका दिवसात उरकायचा एक किल्ला, एक लेणे, एक संग्रहालय, शिवाय वाटेवर असलेच तर एखादे देऊळ. संध्याकाळी मुले गाडीत एकमेकांच्या खांद्यावर झोपतात. दुसऱ्या दिवशी निबंध लिहितात, “किल्ला फार मोठा होता. आम्हांला खूप मजा आली.” झाले! तो किल्ला तिथेच का बांधला, वर माणसे पाणी कुठले पीत होती, हे विचारलेत तर वर्ग गप्प. यात मुलांचा काय दोष? आपणच त्यांना पाहायला वेळ दिला नाही, आणि काय पाहायचे तेही सांगितले नाही.

माझे म्हणणे एवढेच आहे, की एका दिवशी एकच जागा घ्यावी आणि मुलांच्या हाती एकच प्रश्न द्यावा. आणि सुरुवात लांबून न करता जवळून करावी.

आता कुणी म्हणेल, जवळ काही असले तर ना! आमच्या पनवेल तालुक्यातले खारघरच घ्या. स्टेशनाबाहेर पडावे तर उंच इमारती, रुंद रस्ते, चौक, बागा, आणि २०२३ पासून मेट्रोसुद्धा. सगळेच नवे. इथल्या मुलाला विचारा, इतिहास कुठे आहे? तो सांगेल रायगडावर, शिवनेरीवर, नाहीतर दिल्लीला. आपल्या पायाखाली काही आहे हे त्याच्या गावीही नसते. खेड्यापाड्यांतही निराळे नाही बरे का. तिथल्या मुलांनाही वाटते, की इतिहास पुस्तकात असतो आणि आपल्या गावात नुसती शेते असतात.

म्हणून मी तुम्हांला एक रस्ता सुचवतो. खारघरहून पनवेलला या आणि तिथून गोव्याच्या रस्त्याला लागा. थोड्याच वेळात पळस्पे फाटा लागतो. पुढे शिरढोण गाव, आणि त्यापुढे उभ्या अंगठ्यासारखा सुळका मिरवणारा कर्नाळा. पनवेलपासून कर्नाळ्यापर्यंत सारे मिळून १२-१३ किलोमीटर. एवढ्या पट्ट्यात मराठ्यांचा काळ, दुष्काळ, इंग्रजांविरुद्धचे बंड, सगळे रांगेने उभे आहे.

कर्नाळ्यावर जाल तेव्हा मुलांना हा प्रश्न द्या : किल्ला इथेच का? उत्तर पुस्तकातून सांगू नका. वर चढू द्या, दम लागू द्या, मग चहूकडे बघायला सांगा. बोरघाटातून उतरून पनवेल आणि आपट्याच्या बंदरांकडे जाणारा माल याच मुलखातून जात असे. ज्याच्या हाती कर्नाळा, त्याची नजर त्या वाटेवर. मग मुलांना आपोआप कळते, की एवढ्याशा किल्ल्यासाठी निजामशाही, पोर्तुगीज, मोगल आणि मराठे का भांडले. १६६५ च्या पुरंदरच्या तहात शिवाजी महाराजांना जे २३ किल्ले सोडावे लागले, त्यांत हा होता. १६७० मध्ये तो परत घेतला. शेवटी १८१८ साली इंग्रजांकडे गेला. किल्ल्यावर एक शिलालेख मराठीत आहे आणि एक फारसीत. मुलांना हे दोन्ही शोधायला लावा. एकाच दगडी घरात दोन लिप्या का, हे ती स्वतःच विचारतील.

सुळक्याच्या पायथ्याशी कातळात खोदलेल्या खोल्या आणि पाण्याची टाकी आहेत. इथे घाई करू नका. खाली डांबरी रस्ता आणि नळ, पण इथे वर चार महिने पडलेला पाऊस उरलेले आठ महिने पुरवायचा, तोही छिन्नी-हातोड्याने खोदलेल्या खड्ड्यांत! ज्या मुलांच्या घरी उन्हाळ्यात टँकर येतो, त्यांना हे समजावून सांगावे लागत नाही. एक सूचना मात्र ध्यानात ठेवा. सुळक्यावर आग्या मोहळे असतात. आरडाओरडा नको, धूर नको, अत्तरे फासून जाणे नको. शिवाय भोवतालचे रान १९६८ पासून पक्ष्यांसाठी राखलेले आहे, तेव्हा मुलांनी तोंड मिटून चालले तर दोन्ही कामे साधतील.

परतताना शिरढोणला थांबा; पण तोच दिवस नको म्हणाल तर दुसऱ्या दिवशी जा, उत्तमच. ४ नोव्हेंबर १८४५ रोजी याच गावी वासुदेव बळवंत फडके जन्मले. त्यांचा वाडा आणि स्मारक तिथे आहे. त्यांचे आजोबा कर्नाळ्याचे किल्लेदार होते, असे सांगतात. म्हणजे बघा, आजोबांच्या पिढीत किल्ला गेला, आणि नातू पुण्यात इंग्रजांच्याच लष्करी हिशेब खात्यात कारकून झाला. पुढे १८७६-७७ चा दुष्काळ आला. गावेच्या गावे उपाशी मरताना पाहिली आणि या कारकुनाने लेखणी टाकून रामोश्यांना हाताशी धरले. १८७९ च्या मे महिन्यात त्यांचे साथीदार दौलतराव नाईक यांनी कोकणात उतरून दरोडे घातले. कुठे? आपण मघाशी ओलांडला त्या पळस्प्याला, आणि शेजारच्या चिखल्याला. घाटमाथ्याकडे परतताना इंग्रजांच्या पलटणीने त्यांना गाठले आणि नाईक गोळीने पडले. जुलैत फडके पकडले गेले. पुण्याच्या खटल्यात सार्वजनिक काकांनी त्यांची बाजू मांडली, पण जन्मठेप झाली. १७ फेब्रुवारी १८८३ रोजी, दूर एडनच्या तुरुंगात, ऐन सदतिसाव्या वर्षी ते वारले.

हा भाग सातवी-आठवीच्या मुलांपुढे मांडाल तेव्हा गुळगुळीत करू नका, एवढी माझी विनंती. सरकारी कागदांत फडके दरोडेखोर आहेत, आपण त्यांना आद्य क्रांतिकारक म्हणतो. आणि लुटली गेली ती घरे आपल्याच तालुक्यातली होती! वर्गाचे दोन भाग करा. एका भागाने दुष्काळात जमीन गमावलेल्या कुणब्याची बाजू घ्यावी, दुसऱ्याने पळस्प्याच्या लुटलेल्या घरधन्याची. भांडू द्या त्यांना. मास्तरांनी निकाल देऊ नये. “जय” म्हणायला मुले घरीदारी शिकतातच. दोन बाजू ऐकून घ्यायला मात्र ती शाळेतच शिकली तर शिकतील.

आता परत खारघरला येऊ. हे गाव नवे दिसते खरे, पण कोपरा, मुर्बी, बेलपाडा, ओवे ही गावे काही सिडकोने वसवलेली नाहीत. १९७० साली सिडको स्थापन झाली आणि नव्या मुंबईसाठी ९५ गावांच्या जमिनी घ्यायचे ठरले. भातशेती, खाजणे, मिठागरे गेली. मोबदल्यावरून असंतोष साचत गेला आणि १६ व १७ जानेवारी १९८४ ला उरण तालुक्यात जासई आणि दास्तान फाटा येथे शेतकरी रस्त्यावर आले. पोलिसांच्या गोळीबारात पाच जण मारले गेले. दि. बा. पाटील त्या लढ्याचे पुढारी. जमीन गेलेल्यांना साडेबारा टक्के विकसित भूखंड देण्याची योजना पुढे आली ती याच लढ्यातून.

इमारतीत राहणाऱ्या मुलाला हे ठाऊक असते का हो? आणि गावठाणातल्या मुलाला घरी ठाऊक असले, तरी शाळेत ते कुणी इतिहास म्हणून विचारते का? दोघे एकाच बाकावर बसतात. एका शनिवारी वर्ग पायी गावठाणात न्या. आधी घरच्यांची परवानगी काढा, आणि चार वृद्धांना विचारायला सांगा : आमच्या शाळेच्या जागी पूर्वी काय पिकत होते? त्या शेताला तुम्ही काय नाव दिले होते? आज जिथे सेक्टरचे आकडे आहेत, तिथे शेतांना नावे होती. म्हातारी माणसे आहेत तोवर ती नावे आहेत. मुलांनी ती वहीत उतरवून घेतली आणि नकाशावर मांडली, तर तो कागद शाळेत जपून ठेवण्यासारखा होईल. हे काम कोणत्याही खेड्यात होते; त्याला गाडीभाडे लागत नाही.

राहिली संग्रहालये. काचेच्या पेटीतल्या वस्तूंपुढून रांगेने जाण्यात मुलांना रस वाटत नाही, आणि खरे सांगायचे तर मोठ्यांनाही वाटत नाही. तेव्हा वस्तू आणि तिची मूळ जागा अशी जोडी लावावी. मुंबईत भायखळ्याला राणीच्या बागेत, १८७२ साली उघडलेल्या आणि आता डॉ. भाऊ दाजी लाड यांचे नाव असलेल्या संग्रहालयाशेजारी एक दगडी हत्ती उभा आहे. हा मूळचा घारापुरीचा. त्याच्यावरूनच पोर्तुगीजांनी बेटाला एलिफंटा नाव दिले. १८६४ साली त्याला विलायतेला न्यायचा घाट घातला, तेव्हा उचलताना तो फुटला. तुकडे मुंबईत राहिले आणि १९१४ मध्ये पुन्हा जोडले गेले. मुलांना सांधे शोधायला सांगा. तासभर हलणार नाहीत.

मग काही दिवसांनी घारापुरीला जा. मुंबईच्या गेटवेवरून होडीत बसावे लागते, पण बेट आहे आपल्या रायगड जिल्ह्यात, उरण तालुक्यात. तीन मुखांची ती प्रचंड शिवमूर्ती तर दाखवाच, १९८७ पासून ही लेणी जागतिक वारशात गणली जातात. पण बेटावरच्या वस्तीतूनही मुलांना हिंडवा. लेणी शेकडो वर्षांची, आणि गावात समुद्राखालच्या केबलने वीज पोहोचली ती २०१८ साली! हत्ती जिथून गेला ती जागा पाहून आल्यावर मुलांना विचारा, तो परत आणावा की आहे तिथेच ठेवावा?

जाण्यापूर्वी वार पाहून घ्या. घारापुरीची लेणी सोमवारी बंद असतात, भायखळ्याचे संग्रहालय बुधवारी. पावसाळ्यात बेटाचा बेत करूच नका. माकडे हातातला खाऊ ओढतात, तेव्हा डबे पिशवीत बांधून ठेवा. आणि हजेरी दोनदा घ्या, होडीत चढण्यापूर्वी एकदा आणि धक्क्यावर उतरल्यावर एकदा.