उडी किती फुटांची?

भुयारातील वाट अरुंद आहे. हातातली मशाल विझत आली आहे. मागून राक्षसांची पावले ऐकू येत आहेत आणि पुढे बारा फूट रुंदीचा खड्डा आ वासून पसरला आहे. आता आपल्या वीराने काय करावे?

माझ्या एखाद्या कादंबरीतील नायकावर हा प्रसंग आला असता, तर मी त्याला एका वाक्यात पलीकडे नेला असता. वाचकही तक्रार करता ना. कादंबरीकाराच्या राज्यात खड्ड्याची रुंदी नायकाच्या सोयीने ठरते. पण एक खेळ असा आहे की ज्यात गोष्ट तर सांगायची असते, मात्र तिचा शेवट कुणा एकाच्या हाती नसतो. चार-सहा जण टेबलाभोवती बसतात. एकजण पंच होतो. भुयारे, राक्षस, खजिने यांचे वर्णन तो करतो. उरलेले प्रत्येकी एका पात्राचे सोंग घेतात. कुणी योद्धा, कुणी मांत्रिक, कुणी चोर. ‘मी दार फोडतो’, ‘मी उडी मारतो’ असे जो तो आपापल्या पात्राच्या वतीने बोलतो, आणि जिथे जमेल की नाही अशी शंका येते तिथे फासा टाकतात. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हे या खेळाचे नाव. १९७४ साली तो अमेरिकेत छापला गेला आणि आज आपल्याकडच्या शहरांतील मुलेही तो खेळताना दिसतात. माझ्या शाळेतून बाहेर पडलेल्या एका मुलाने त्याची जाडजूड पुस्तके मला वाचायला आणून दिली. ती चाळताना माझे लक्ष राक्षसांच्या चित्रांपेक्षा एका क्षुल्लक वाटणाऱ्या नियमावर खिळले. माणूस किती फूट उडी मारू शकतो, हा तो नियम. दर आवृत्तीत तो बदललेला! पन्नास वर्षे मोठमोठी माणसे एका उडीपायी का झुरली असतील, या कुतूहलाने मी मागे मागे जात राहिलो. त्या शोधाचा हा वृत्तांत.

पटावरची सर्वांत जुनी उडी आपल्या ओळखीची आहे. बुद्धिबळातील घोडा अडीच घरे जातो, मधल्या प्याद्यावरून खुशाल उडी मारतो, आणि त्याला कुणी ‘जमेल का रे?’ असे विचारीत नाही. तिथे फासा नाही, पंच नाही, शंकाही नाही. भारतातून निघालेला हा खेळ युरोपात पोहोचला, आणि जर्मनीतील ब्रुन्सविक येथे हेलविग नावाच्या गृहस्थाने १७८० साली त्याला वाढवून लढाईचा खेळ केला. ड्यूकच्या दरबारातील मुलांना तो शिकवीत असे. म्हणजे आमच्याच जातीचा! त्याच्या पटावर १,६१७ घरे होती आणि त्यांत नद्या, डोंगर, गावे रंगविली होती. मुलांना युद्धशास्त्र गोडीने शिकवावे, हा त्याचा हेतू.

पुढे प्रशियाच्या राइसविट्झ नावाच्या बापलेकांनी घरे पुसून टाकली. बापाने १८१२ साली राजाला एक भव्य टेबल करून दिले. मुलाने १८२४ साली खऱ्या नकाशावर खेळायचे नियम छापले, आणि सैन्याने ते उचलले. आता तुकडी किती पुढे जाईल हे पावलांत मोजायचे, गोळीबाराचा परिणाम फाशाने ठरवायचा, आणि दोन्ही बाजूंच्या मध्ये एक पंच बसवायचा. आपल्या विषयाच्या दृष्टीने हा पंच फार महत्त्वाचा. कारण तक्ते सगळे त्याच्या हाती होते. अधिकारी नुसता हुकूम देई. तो तडीस गेला की नाही, हे पंच सांगे.

तक्ते वाढत गेले तसा खेळ मंदावला. एकेका चकमकीला इतकी आकडेमोड लागू लागली की तरुण अधिकारी कंटाळून गेले. तेव्हा व्हर्डी द्यू व्हेर्नवा या प्रशियन सेनानीने १८७६ साली सरळ सांगितले की तक्तेही नकोत आणि फासेही नकोत. अनुभवी पंच म्हणेल ते प्रमाण. म्हणजे सुमारे पन्नास वर्षांत एकाच सैन्यात दोन पंथ झाले. एक म्हणे पुस्तकात आकडा हवा, दुसरा म्हणे पंचाची बुद्धी पुरे. आमच्या धंद्यात लेखी परीक्षा आणि तोंडी परीक्षा यांचे भांडण आहे ना, तेच हे. लेखीत गुणांची वाटणी ठरलेली असते, म्हणून ती रुक्ष. तोंडी परीक्षा रसरशीत खरी. पण परीक्षकाचे डोके दुखत असले तर पोराचे काय, हा प्रश्न उरतोच.

इंग्रज कादंबरीकार एच. जी. वेल्स याने १९१३ साली शिशाच्या सैनिकांसाठी जे नियम छापले, त्यांत पायदळाला एका चालीत एक फूट आणि घोडदळाला दोन फूट अशी मोजणी होती. दोरीचा तुकडा घेऊन जमिनीवर मापायचे. हे वाचून मला मौज वाटली. जगाच्या भविष्याची चित्रे रंगविणारा मनुष्य गुडघ्यांवर बसून दोरीने फूट मोजतो आहे!

आता अमेरिकेत यावे. टॉटन नावाच्या अमेरिकन लष्करी अधिकाऱ्याने १८८० साली ‘स्ट्रॅटेगॉस’ हा युद्धखेळाचा ग्रंथ लिहिला होता. तो विस्मृतीत गेला. सुमारे ऐंशी-नव्वद वर्षांनी मिनेसोटा विद्यापीठाच्या ग्रंथालयात डेव्हिड वेस्ली या तरुणाच्या हाती तो लागला. खेळाडूला वाटेल ते करून पाहण्याची मुभा असावी आणि त्याचा निवाडा पंचाने करावा, ही त्यातील कल्पना वेस्लीने उचलली. नेपोलियनच्या काळातील एका काल्पनिक गावाचा खेळ त्याने मांडला आणि मित्रांना पलटणींऐवजी माणसे वाटून दिली. मित्र लढाई विसरून भलतेच उद्योग करू लागले, आणि वेस्लीला वाटले की खेळ पार फसला. मित्र मात्र म्हणाले, पुन्हा लाव! त्या मित्रांतील डेव्ह आर्नेसन याने ती तऱ्हा राक्षसांच्या भुयारात नेली. विस्कॉन्सिनमधील लेक जिनिव्हा गावचा गॅरी गायगॅक्स याने ती पाहिली, आणि दोघांच्या नावाने १९७४ साली तीन छोट्या पुस्तिकांची पेटी बाहेर पडली. पहिल्या खेपेला प्रती काढल्या अवघ्या एक हजार.

त्या पुस्तिकांत तलवारीचे नियम होते, मंत्रांचे होते, मजुरांच्या पगाराचेही होते. भुयारात खड्डे तर पावलोपावली! पण खड्ड्यावरून उडी मारायची तर किती फूट, याला स्वतंत्र नियम नव्हता. पंचाने ठरवावे. १९७८ साली खेळाडूंसाठी मोठे पुस्तक निघाले, त्यात मंत्राच्या बळावर मारायच्या उडीला आकडा मिळाला: पुढे किंवा वर तीस फूट, मागे दहा फूट. मंत्राविना जो बापडा उडी मारील त्याला मात्र नुसता पंचाचा शब्द. अलौकिकाला मोजमाप आणि लौकिकाला नाही, हा उलटा न्याय पाहून हसू येते. पण पुराणांची सवय असलेल्या आपल्याला तो नवा नाही. किष्किंधाकांडात समुद्रतीरावर वानर आपापल्या उडीचे माप सांगतात. गज म्हणतो दहा योजने, गवाक्ष म्हणतो वीस. असे चढत चढत अंगदापर्यंत येते. अंगद म्हणतो, शंभर योजने जाईन. परत येईन की नाही, ते सांगवत नाही. भुयाराचा खेळ खेळणाऱ्या पोरांपुढे मी ही यादी वाचली, तर त्यांना ती आपल्याच खेळातील पात्रांची वाटेल.

१९८१ साली नवशिक्यांसाठी टॉम मोल्डव्हे याने जे पुस्तक सिद्ध केले, त्यात पंचाला उपदेश करणारा एक प्रसंग आहे. तो मला या सबंध वाङ्मयात फार आवडला. एक पात्र कड्यावर अडकले आहे. खाली खोल, जमिनीच्या पोटातून वाहणारी नदी. खेळाडू म्हणतो, उडी टाकतो. पंचाने ‘नाही’ म्हणू नये, आणि ‘मेलास’ असेही म्हणू नये. त्याने आधी सांगावे की वरून पाहता शंभरात अठ्ठ्याण्णव हिश्शांनी मरण दिसते आहे. फासा टाक, नव्व्याण्णव किंवा शंभर पडले तर वाचशील. बोल, टाकतोस उडी? येथे नियम पंचाच्या मनातच आहे, पण उडीच्या आधी तो तोंडाने उच्चारला गेला आहे. मला वाटते, सारा तंटा या ‘आधी’चा आहे. माणूस मरायलाही तयार होतो. पण किती पाण्यात उतरतो आहे हे त्याला अगोदर कळले पाहिजे. पडल्यावर खोली सांगणारा पंच काय कामाचा?

त्यानंतर आकड्यांना जणू पूर आला. १९८५ साली गायगॅक्सने एक नवे पात्र आणले, त्याला आपण चोर-डोंबारी म्हणू. दोरावर चालणे, बांबूउडी, उंच उडी, लांब उडी, सगळ्यांचे त्याला पायरीवार तक्ते. बिचाऱ्या योद्ध्याने काय करावे, हे त्या तक्त्यांत नव्हते. १९८९ च्या आवृत्तीत उडी ही कुणालाही शिकता येणारी विद्या झाली. वीस फूट धावत यावे, दोन फासे टाकावेत, त्यांच्या बेरजेत आपली पायरी मिळवावी, तितके फूट उडी. वर मर्यादा अशी की आपल्या उंचीच्या सहापटींहून लांब कुणीच जाऊ नये. आपला बारा फुटांचा खड्डा घ्या. तिसऱ्या पायरीच्या वीराला दोन फाशांवर मिळून नऊ किंवा अधिक हवेत; म्हणजे छत्तीसांत दहा वेळा तो पलीकडे आणि सव्वीस वेळा खड्ड्यात!

२००३ साली हिशेब अधिक चोख झाला. वीस बाजूंचा एक फासा टाकायचा, त्यात आपले कसब मिळवायचे, आणि बेरीज खड्ड्याच्या फुटांइतकी झाली की पार. बारा फुटांना बारा. धाव घेता आली नाही तर दुप्पट, म्हणजे चोवीस. अंगावर चिलखत असेल तर वजावट, आखूड पायांच्या बुटक्यांना वजावट, वेगवानांना बक्षीस. एखादा मारवाडी मुनीम हे पान वाचून खूश झाला असता. २००८ साली मात्र फूट जाऊन पटावरची घरे आली, पाच फुटांचे एक घर. त्यामुळे आमचा बारा फुटांचा खड्डा दोन घरांचा धरावा की तीन घरांचा, असा नवाच वाद उभा राहिला. हेलविगच्या पटाकडे ही घरवापसी झाली म्हणा ना.

मग २०१४ साली कर्त्यांनी सगळे तक्ते फेकून दिले आणि एका ओळीत नियम केला. पात्राच्या कागदावर बळाचा आकडा असतो. दहा फूट धावत आलास, तर जितके बळ तितके फूट. जागच्या जागी मारलीस, तर निम्मे. फासा नाही. सोळा बळाचा योद्धा बारा फुटांचा खड्डा हसत ओलांडतो, आणि आठ बळाचा मांत्रिक काठावर उभा राहून त्याला शिव्या देतो. उंच उडीला तीन फूट अधिक बळाची भर. मानवी बळाची कमाल वीस धरलेली आहे आणि तिची भर पाच. म्हणजे आठ फूट. आता गंमत पाहा. क्यूबाच्या हाव्हिएर सोतोमायोर याने १९९३ साली केलेला उंच उडीचा जागतिक विक्रम २.४५ मीटरचा, म्हणजे आठ फूट आणि वर जेमतेम अर्धा इंच! लांब उडीत मात्र हा नियम माणसावर अन्याय करतो. माइक पॉवेल १९९१ साली ८.९५ मीटर गेला. ते एकोणतीस फुटांहून अधिक भरतात, आणि खेळातील बलभीम वीस फुटांवर थांबतो. उलट पासष्ट पौंडांचे पोलादी चिलखत घातले म्हणून त्याच्या उडीत इंचभरही फरक पडत नाही. शारीरिक शिक्षणाच्या कुठल्याही गुरुजींना हे रुचायचे नाही.

मला मात्र हा चुकीचा नियम बरोबर वाटतो. तो खोटा असेल, पण खेळाडूच्या खिशात आहे. पंचाचा मूड, त्याची मर्जी, त्याचे गेल्या आठवड्यातील भांडण, यांतले काहीही खेळाडू आणि खड्डा यांच्यामध्ये येत नाही. ज्याला वर्गात सतत कुणाची तरी परवानगी मागावी लागते, त्या पोराला इथे बारा फूट स्वतःचे मिळतात. आणि तरीही कर्त्यांनी पंचाला अगदीच हाकलले नाही. नेहमीपेक्षा लांब उडी कुणाला मारायची असेल, तर पंचाने फासा मागावा, अशी फट त्याच पुस्तकात ठेवली आहे. म्हणजे आकड्यापर्यंत हक्क आणि आकड्यापुढे हिंमत. २०२४ च्या आवृत्तीनेही ही मापे राखली. उडीचा मंत्र तेवढा बदलला. २०१४ साली तो उडी तिप्पट करीत असे. आता तो सरळ तीस फूट देतो. १९७८ चा आकडा शेहेचाळीस वर्षांनी फिरून जागेवर आला.

गेल्या सुटीत शेजारच्या घरी पोरे खेळत होती, तिथे मी बसलो होतो. खड्डा बाराच फुटांचा निघाला. चौघांपैकी तिघे पार झाले. धाकटीच्या पात्राचे बळ दहा. तिने कागद पाहिला, खड्ड्याकडे, म्हणजे टेबलावरच्या रेघोट्यांकडे, पाहिले आणि पंच झालेल्या थोरल्या भावाला विचारले, “दादा, दहा फूट माझे आहेत. उरलेल्या दोनाला काय लागेल?” तो थोडा विचारात पडला. “वीसांत पंधरा,” तो म्हणाला, “आणि हुकलीस तर काठ धरता येतो का ते बघू. मारतेस?” तिने फासा मुठीत घेऊन त्यावर फुंकर घातली, आणि आतून फराळाला बोलावणे आले तरी कुणी उठले नाही.