मोटारीचा पाठीमागचा डोळा

मोटार जन्मली ती पुढें पाहणारी. पाठीमागची चिंता तिनें उशिरां केली. डॉरोथी लेविट या इंग्रज मोटारचालक बाईंनीं १९०९ सालच्या आपल्या पुस्तकांत स्त्रियांना गाडींत हातआरसा ठेवण्याचा सल्ला दिला. १९११ सालीं इंडियानापोलिस येथील शर्यतींत इतरांच्या गाड्यांत मागें पाहण्यास जोडीदार बसले होते; रे हॅरून मात्र एकटे, म्हणून त्यांनीं गाडीवर आरसा लावला व शर्यतही जिंकली. परंतु मागच्या कांचेच्या खालीं काय आहे तें आरशास दिसत नाहीं, आणि लहान मूल उभें असतें तें नेमकें तेथेंच!

ब्यूइक कंपनीनें १९५६ सालीं एका गाडीस मागें टेलिव्हिजनचा कॅमेरा बसविला. ती प्रदर्शनापुरतीच राहिली. अमेरिकेंत मागें येणाऱ्या मोटारींमुळें वर्षास सरासरी २१० माणसें दगावत, असा २०१४ चा सरकारी अंदाज आहे; त्यांत शेंकडा ३१ पांच वर्षांखालचीं बालकें. कायदा २००८ मध्येंच झाला होता. मुदती वाढत गेल्या, आणि प्रत्येक नव्या गाडीस कॅमेरा लागण्यास १ मे २०१८ उजाडावा लागला. हा विलंब मला अक्षम्य वाटतो.

शिवाय तो नियम नव्या गाड्यांपुरताच. जुन्या गाडीच्या धन्यानें नंबरपाटीवर लहानसा कॅमेरा बसवून घ्यावा. गाडी मागें घेतांना जो पांढरा दिवा लागतो, त्याच्या तारेस कॅमेऱ्याची तार जोडतात. म्हणजे रिव्हर्स गिअर पडतांच त्यास वीज मिळते. चित्राची तार आंतील गालिच्याखालून पुढच्या पडद्यापर्यंत न्यावी. पडद्यावरचें डावें-उजवें आरशासारखें दिसतें कीं नाहीं, हें तेवढें गाडी हलविण्यापूर्वीं पाहून घ्यावें.